छताखाली छत्र्या

न्हावी: मी काही बघितलं नाही, असंच धरून चाला.

बाबा: मग सांगतोस कशाला?

न्हावी: सांगत कुठे आहे? दाढी करतोय. हनुवटी वर घ्या. आपल्याला काय करायचंय म्हणा, पण लेक तुमची, शेजार माझा. राहवत नाही.

बाबा: तुला कधीच राहवत नाही. काय बघितलंस ते बोल.

न्हावी: हलू नका, पातं नवीन आहे. मॉलचं मागचं दार आहे ना, सामान आत नेतात ते, तिथून तुमची लेक आत जाते. एकदा नाही, बरेचदा. अख्ख्या शहराला आज पुढचं दार उघडणार, आणि हिला मागचं कधीपासून उघडं.

बाबा: नोकरी धरली असेल.

न्हावी: मग तुम्हाला सांगितलं असतं. नोकरी काय चोरून धरतात?

बाबा: हं.

न्हावी: आणि बरोबर हातगाडी होती. भरलेली. वरून चादर घातलेली.

बाबा: कसली चादर?

न्हावी: तुमच्याच घरची, निळ्या काठाची. तुम्ही दोरीवर वाळत घालता ती.

बाबा: आणि चादरीखाली?

न्हावी: दिसू नये म्हणूनच चादर घातली असणार ना. काहीतरी लांबलचक होतं. आता गिऱ्हाईक खुर्चीत सोडून मी मागे जाणार का? गेलो होतो थोडा. कोपऱ्यापर्यंत.

बाबा: तरीच मला बोलावणं आलं. पहिल्या रांगेत खुर्ची. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या मॉलला एका छत्रीवाल्याची काय पडलीय?

न्हावी: मान असेल. समुद्रावर छत्र्या लावण्यात तुमची हयात गेली.

बाबा: मान मलाच बरा मिळतो. तुला का नाही बोलावलं? तूही जुनाच. त्यांच्या मागच्या जिन्याने उतरलं की पाय थेट वाळूत. आणि कुठल्या वाळूत? माझ्या छत्र्या लागायच्या तिथे. खुर्चीवर बसवतील, हार घालतील आणि टाळ्या चालू असताना जागा सोडल्याचा कागद सहीला पुढे करतील.

न्हावी: पण तुम्ही तरी छत्र्या कुठे लावता आता? काकू गेल्या तेव्हापासून एकही बाहेर निघाली नाही. लोक माझ्याकडे येऊन विचारतात, छत्रीवाले कुठे गेले. मी सांगतो, घरीच असतात.

बाबा: छत्र्या कोठीत आहेत. कोठीला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात आहे.

न्हावी: रोज सकाळी कुलूप ओढून बघता. आवाज येतो मला.

बाबा: बघतो. पक्कं आहे.

न्हावी: आत डोकावता का कधी?

बाबा: तू दाढी कर.

मुलगी: बाबा, झाली का? शर्ट आणलाय, इस्त्री करून. काका, आवरा लवकर. तिकडे लोक जमायला लागलेत.

न्हावी: झालीच म्हण. एक गाल राहिलाय.

बाबा: निळ्या काठाची चादर कुठे आहे?

मुलगी: कुठली?

बाबा: आपल्याकडे निळ्या काठाची एकच चादर आहे.

मुलगी: धुवायला टाकलीय.

बाबा: हातगाडीवर?

मुलगी: काका, तुमच्या जिभेला धार कोण लावून देतो हो?

न्हावी: मी आपलं बोलता बोलता बोललो.

बाबा: त्याच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. मागच्या दाराने काय नेलंस?

मुलगी: तिथे चला, सांगते. म्हणून तर सकाळपासून मागे लागलेय.

बाबा: तिथे लोकांसमोर मला बोलता येणार नाही, हे तुला माहीत आहे. इथेच सांग.

मुलगी: छत्र्या नेल्या.

बाबा: छत्र्या कोठीत आहेत.

मुलगी: नाहीत, बाबा.

बाबा: आज सकाळीच कुलूप ओढून बघितलं मी.

मुलगी: कुलूप पक्कंच आहे. त्याला मी हातसुद्धा लावला नाही. कोयंड्याचे स्क्रू काढले आणि परत बसवले.

न्हावी: अरे बापरे.

बाबा: तू गप्प बस. म्हणजे इतके दिवस मी रिकाम्या खोलीचं कुलूप ओढतोय.

मुलगी: खिडकीच्या फटीतून बघितलं, तर भिंतीतून ओल आत आलेली. वरच्या छत्र्यांना बुरशी. उंदरांनी एकीच्या कापडाची एक तिकोनी पाकळी कुरतडून तिच्या चिंध्या केल्या होत्या. मी तुम्हाला म्हटलं, दार उघडा, नुसती हवा लागू दे. तुम्ही म्हणालात, उघडीन. परत म्हटलं, परत उघडीन. जेवताना विषय काढला तर ताटावरून उठलात.

बाबा: म्हणून विकल्यास.

मुलगी: विकल्या नाहीत. मॉलची बाई मला येऊन भेटली होती. तिला मधल्या दालनात वर टांगायला छत्र्या हव्या होत्या. मी म्हटलं, हंगामापुरत्या देते, पण दुरुस्तीला मला एक कोरडी खोली आणि लांब टेबल द्या. तिथे बसून पुसल्या, शिवल्या. म्हणून जात होते मागच्या दाराने. बस, एवढंच.

बाबा: बदल्यात त्यांनी काय मागितलं?

मुलगी: काही नाही.

बाबा: काही नाही म्हणजे अजून मागितलं नाही. ती खुर्ची कशासाठी?

मुलगी: खुर्ची मी मागितली, बाबा. नाहीतर तुम्ही भिंतीला टेकून उभे राहिला असता आणि वर न बघताच निघून आला असता.

बाबा: सोड मला. टॉवेल सोड.

न्हावी: अहो, एक गाल तसाच आहे. साबण तरी पुसू द्या.

बाबा: साबण राहू दे. आधी माझ्या बायकोने शिवलेल्या छत्र्या उतरवून आणतो.

(मॉलचं मधलं दालन. भाषणं सुरू व्हायला वेळ आहे. बाबांच्या अर्ध्या गालावर साबण वाळलेला. न्हावी टॉवेल घेऊन मागोमाग आलेला.)

न्हावी: दारावरचा रखवालदार सोडतच नव्हता. त्याला म्हटलं, बाबा रे, पहिल्या रांगेतले पाहुणे आहेत. तर तो मला विचारतो, यांच्या तोंडाला काय झालंय.

मुलगी: काका, जरा हळू. बाबा, आता वर बघा. एकदाच बघा, मग काय म्हणायचं ते म्हणा.

बाबा: बघितलं. छताखाली छत्र्या. इथे ना ऊन, ना वारा. भुसा भरलेला वाघ ठेवतात ना दिवाणखान्यात, तसं केलंय तिच्या कामाचं. खाली लोक आइस्क्रीम खात हिंडणार.

मुलगी: वाळूत पण आइस्क्रीमच खात होते. तुम्हीच ओरडायचात, कापडाला डाग पडतील म्हणून.

न्हावी: वर काच आहे पण. ऊन येतंय थोडं. बघा ना, पाकळ्या कशा उजळल्यात.

बाबा: शिडी कुठे मिळते, ते विचारून ये.

न्हावी: मी?

बाबा: मग काय पाहुणे आणणार?

मुलगी: थांबा, काका. बाबा, छत्र्या तुमच्या आहेत, उतरवायच्या तर उतरवू. फक्त मला एक सांगा. कोठीत परत ठेवणार असाल, तर वाळूत कधी न्यायच्या?

बाबा: बघू.

मुलगी: बघू म्हणजे कधी?

बाबा: तुझी आई असती तर विचारलं नसतंस. खड्डा मी खणायचो, दांडा मी रोवायचो, आणि पुढच्या खड्ड्याकडे जायचो. मागून ती यायची, छत्री उघडायची, दोरी बांधायची. संध्याकाळी ती मिटायची, मी उचलायचो. आता खड्डा खणून पुढे गेलो, तर मागून कोण येणार?

न्हावी: काकू उघडायच्या तेव्हा आमची गिऱ्हाईकं खिडकीतून बघायची. सगळ्या निळ्या, आणि प्रत्येकीत एक पाकळी भलत्याच रंगाची. एकीची पिवळी, एकीची लाल, एकीची जांभळी. मी आधी म्हणायचो, कापड कमी पडतं वाटतं यांना.

मुलगी: कापड कमी पडत नव्हतं. लहानपणी मी एकदा पाण्यातून निघाले आणि दुसऱ्यांच्याच छत्रीखाली जाऊन बसले. सगळ्या निळ्या, कळणार कसं? आईला मी सापडले तेव्हा कोणाची तरी भाकर खात होते.

बाबा: भाकर नव्हे, केळं. रडतही नव्हतीस. ती मात्र घरी येऊन रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी एकेक पाकळी उसवायला घेतली. म्हणाली, आता पोरांना पाण्यातूनसुद्धा आपली छत्री ओळखता येईल.

न्हावी: हे मला माहीतच नव्हतं.

बाबा: तुला माहीत नसलेलं एक तरी असू दे. ती कोपऱ्यातली, पिवळ्या पाकळीची. तिला आतून ठिगळं का लावलीस?

मुलगी: कुठलं ठिगळ?

बाबा: ते काय चौकटी चौकटी दिसतंय. त्या लालवालीत फुलं दिसतायत. तिने असलं कधी केलं नव्हतं. तिची शिवण उसवून तू हे भलतंच घातलंस.

मुलगी: मी काही घातलं नाही. ते आईचंच अस्तर आहे. रंगीत कापड पातळ असायचं, ऊन खाली यायचं, म्हणून त्या पाकळीला ती आतून घरातलं जुनं कापड लावायची. तो फुलांचा माझा फ्रॉक. जांभळ्यात स्वयंपाकघरातला पडदा आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?

बाबा: नाही.

मुलगी: इतक्या वर्षांत?

बाबा: मी खाली बसलो कधी? उघडलेल्या छत्रीची मला पाठच दिसली. जरा इकडे सरक. ती चौकटीची... मधे काळं काय आहे तिच्यावर?

न्हावी: जळकट डाग दिसतोय. इस्त्रीचा असावा. टोकदार आहे बघा.

बाबा: दिसतोय मला.

मुलगी: बाबा?

बाबा: तो माझा शर्ट आहे. तपकिरी चौकटीचा. हंगामाच्या पहिल्या दिवशी घालायचो.

न्हावी: म्हणजे तो? ज्याच्यावरून लाँड्रीवाल्याशी...

बाबा: हो, तोच.

न्हावी: अहो, तुम्ही त्याला अख्ख्या गल्लीसमोर चोर म्हणालात. म्हणालात, आधी पाठीवर डाग पाडला, आणि परत धुवायला दिला तर लपवून ठेवला.

बाबा: डाग त्यानेच पाडला होता.

मुलगी: डाग त्यानेच पाडला. पण शर्ट परत धुवायला गेलाच नाही. तुम्ही रोज तो डाग बघून चिडायचात, म्हणून आईने कात्री लावली. तिला वाटलं, विसरून जाल. तुम्ही थेट त्याच्या दुकानात जाऊन उभे राहिलात.

बाबा: मग तिने तेव्हाच सांगायचं होतं.

मुलगी: सांगणारच होती. पण तुम्ही घरी आलात ते त्याच्याशी कायमचं तोडून. म्हणालात, या घरचा एकही कपडा त्याच्याकडे जाणार नाही. मग ती मला म्हणाली, आता सांगायची सोय राहिली नाही.

बाबा: आणि तेव्हापासून माझ्या शर्टांना इस्त्री तीच करत बसली. पाठ दुखायची तरी.

मुलगी: हसत करायची. म्हणायची, एका शर्टापायी जन्माची शिक्षा लागली बघ मला.

न्हावी: काकू गेल्या त्या दिवशी आला होता तो. लाँड्रीवाला. दाराबाहेर उभा होता बराच वेळ. मी म्हटलं, आत जा. म्हणाला, त्यांना आवडायचं नाही.

बाबा: मला का नाही सांगितलंस? बाकी सगळं सांगतोस.

न्हावी: ते सांगावंसं वाटलं नाही.

मुलगी: बाबा, भाषणं सुरू होतायत. खुर्चीत बसायचं, की शिडी आणू?

बाबा: शिडी आण. पण एकच उतरवायची, ती चौकटीची.

मुलगी: आणि बाकीच्या?

बाबा: हंगामभर दिल्यात म्हणालीस ना? मग राहू देत. मात्र त्या बाईला सांग, हंगाम संपला की मी स्वतः येणार मोजून घ्यायला. आणि वाळूचा विषय काढलाच तिने, तर मला ऐकू कमी येतं म्हणावं.

मुलगी: सांगते. त्या एकीचं काय करायचं?

बाबा: मागच्या जिन्याने खाली वाळूत जाऊ. खड्डा मी खणतो.

मुलगी: उघडते मी.

बाबा: नको. उघडणार पण मीच. तू लाँड्रीवाल्याकडे जा, त्याला घेऊन ये. छत्रीखाली त्याला बसवायचं.

मुलगी: तो यायला नको म्हणाला तर? काय सांगू त्याला?

बाबा: सांग, शर्ट सापडला. डागाचं काही बोलू नकोस.