समोरच्या मागावरून

पाणचक्कीवर चालणारी आमची लँकेशायरची जुनी कापडगिरणी आता संग्रहालय झाली आहे. माग सुरू होण्याची वाट पाहत मी रांगेत मनातल्या मनात जप करत होते. पुढे दोघं म्हातारी माणसं उभी होती.

"एनिड, हाच ना तुझा माग?"

"हाच. बिघडला की तू पाना घेऊन धावत यायचास, क्लिफर्ड."

"तुझाच सगळ्यात जास्त बिघडायचा."

"मीच बिघडवायचे."

"काय सांगतेस! कशाला?"

"मागांच्या खडखडाटात आम्ही बायका एकमेकींचे ओठ वाचूनच बोलायचो. तू मागाशी वाकलास की मी समोरच्या मेबलला सांगायचे, यानं विचारलं तर मी हो म्हणेन. अख्ख्या खात्याला ठाऊक होतं."

"मला कुठं वाचता यायचे ओठ!"

"म्हणून तर तुझ्यादेखत म्हणायचे."

"आणि मी डोरिसशी लग्न केलं."

"चांगली होती रे डोरिस."

"फार चांगली. जाऊन चार वर्षं झाली. आता माझे कान गेले, म्हणून ओठ वाचायला शिकलोय."

"ठाऊक आहे. उगाच आणलं का तुला इथं?"

बाहेर चक्र फिरलं आणि माग खडखडू लागले. एनिडचे ओठ हलले. माग थांबले तेव्हा क्लिफर्डचे कान लालबुंद झाले होते.

"वाचलंस?"

"वाचलं. आता मोठ्यानं म्हण."

"अरे, एवढी माणसं ऐकतील!"

"तेव्हा मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आता मला एकट्यालाच ठाऊक असून कसं चालेल?"

एनिडनं टोपी सारखी केली आणि ती आमच्या रांगेकडे वळली.

"यानं अजून विचारलेलं नाही. पण माझं हो आहे."