सासूबाईंची मार्गारिटा

...नाही, पण मला एक सांगा, पंचाहत्तर पूर्ण झालेली बाई वाढदिवसाला काय मागते? शाल मागते, गुडघ्याचा पट्टा मागते, फार तर कुणाला बोलावू नका म्हणते! आमच्या सासूबाईंनी काय मागितलं... तुम्हाला सांगतो, अजून खरं वाटत नाही. मी आपला ऑफिसातून परस्पर केक घेऊन आलो, दारात एका पायातला बूट काढतोय, आणि त्या खुर्चीतून शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, केक राहू द्या. मला मार्गारिटा हवी."

आता, सासरे गेल्यापासून या बाईनं तोंडानं काही मागितलेलं नाही. पुढ्यात ठेवाल त्यातले दोन घास चिवडायचे आणि भिंतीकडे बघत बसायचं. बायको काळजीनं अर्धी झालेली. ती स्वयंपाकघरातून धावतच आली, म्हणे पिझ्झा ना, आत्ता मागवते, चीज जास्त घालायला सांगू का? सासूबाई म्हणाल्या, "पिझ्झा नाही गं. टकीला घालून करतात ती. दारू."

दारू! आणि मी तसाच उभा, हातात केक!

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. अहो, तुम्ही आमचे सासरे पाहिले नव्हते! खोकल्याच्या औषधाची बाटली चष्मा लावून वाचायचे, त्यात काही 'तसलं' नाही ना म्हणून. लग्न ठरलं तेव्हा मला समोर बसवून एकच अट घातली, या घरच्या माणसानं थेंबाला शिवायचं नाही. मी नाही शिवलो! ऑफिसच्या पार्टीत सगळे रंगात, आणि मी कोपऱ्यात लिंबू सरबत घेऊन, पथ्य आहे म्हणून सांगतो. पथ्य कसलं? सासरे! आणि बायको शाळेत उपमुख्याध्यापिका, दर वर्षी मुलांपुढे व्यसनमुक्तीचं भाषण करते, त्यात हमखास टाळ्यांचं वाक्य असतं की माझे वडील जन्मभर हॉटेलात कॅशियर होते, आजूबाजूला बाटल्याच बाटल्या, पण...

"कॅशियर नव्हते ते," सासूबाई म्हणाल्या. "बारवर होते. लोकांना ग्लास भरून द्यायचे."

खोलीत मोकळी खुर्ची एकच. तीत बायको बसली. मी कुठे बसू? मी उभा, एका पायात बूट, हातात केक!

आणि मग बाई बोलायलाच लागल्या हो! इतक्या महिन्यांचं साठलेलं. म्हणे, मी त्याच हॉटेलात टेलिफोनवर होते. (आम्हाला आजवर सांगितलेलं काय, तर कुणा काकांनी स्थळ सुचवलं!) काम संपलं की बारच्या टोकाला बसून पाणी प्यायची, गिऱ्हाइकं यांना विचारायची, ही मार्गारिटा म्हणजे कोण हो? आणि आमचे सासरे, जे माझ्याशी हवामानापलीकडे बोलले नाहीत ते, गिऱ्हाइकाचं तोंड बघून गोष्ट सांगायचे! श्रीमंत बाई असली की, एका श्रीमंत बाईनं आपल्या पाहुण्यांसाठी शोधली. कुणी नटूनथटून आलेली असली की, एक नर्तकी होती, तिला टकीलाशिवाय कुठलीच दारू सोसायची नाही, तिच्यासाठी केली. हे सगळं त्यांच्या मनचं नाही बरं का, जगात खरंच सांगतात हे सगळं, प्रत्येक बारवाला म्हणतो आमच्याच गावात झाली!

"मग खरं काय?" हे मी विचारलं. मी! मला काय गरज होती?

तर म्हणे, खरं कुणालाच ठाऊक नाही. पण यांना पटायचं ते साधं होतं. डेझी नावाचं पेय जुनंच, दारू, लिंबू आणि संत्र्याचं गोड मद्य. कुणीतरी त्यात टकीला ओतली. आणि डेझीच्या फुलाला स्पॅनिशमध्ये म्हणतात मार्गारिटा.

"आणि तुला कुठली गोष्ट सांगितली?" बायकोनं विचारलं. आवाज असा की मी केक घट्ट धरला.

सासूबाई हसल्या. "म्हणाले, एक बारवाला होता, त्याच्याकडे एक मुलगी रोज येऊन नुसतं पाणी प्यायची."

बायको उठली, आत गेली, कडी लावली. जन्मभराचं भाषण गेलं हो तिचं! आणि सासूबाई मला म्हणतात, येईल ती, तुम्ही दुकान गाठा.

गेलो. आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानात, आणि तोही कसा? हातात केक! दुकानदार म्हणाला, वाढदिवस जोरात दिसतोय. बर्फ घालून मिक्सरमधून काढा, म्हणाला, गारेगार होते. संत्र्याचं मद्य महाग वाटलं तर ज्या घायपाताची टकीला करतात त्याचाच गोड पाक घाला, तसंही करतात. हे घरी येऊन सांगितलं तर बाईंनी अशी नजर टाकली... मिक्सर म्हणे!

मग त्यांनी मला कामाला लावलं. ग्लासच्या कडेला लिंबाची फोड फिरवा, जाडं मीठ लावा, पण अर्ध्याच कडेला, ज्याला नको त्याला दुसरी बाजू. टकीला दोन माप, संत्र्याचं एक, ताज्या लिंबाचा रस एक. सगळं बर्फासकट माझ्या ऑफिसच्या स्टीलच्या बाटलीत! आणि हलवा, हात बधिर होईपर्यंत हलवा. मी खडखड हलवतोय, आणि आतून कडी निघाली.

बायको दारात उभी. म्हणाली, "हा आवाज... लहानपणी मी झोपले की यायचा. तू सांगायचीस, बाबा औषध हलवताहेत."

"वर्षातून एकदा," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाच्या वाढदिवसाला. एकच ग्लास, दोघांत. बाकीचं वर्ष नाही. रोज माणसं कोसळताना बघायचे गं ते. घरात त्याची भीती होती त्यांना."

सासूबाईंनी मिठाच्या बाजूनं एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि ग्लास लेकीकडे सरकवला. बायकोनं ग्लास फिरवला, बिनमिठाची बाजू तोंडाला लावली, आणि रडता रडता म्हणाली, "लिंबू जरा जास्त झालंय." त्यानंतर बाईंनी केकचे दोन तुकडे मागून खाल्ले, मागून!

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय? हे कळलं सासूबाईंच्या बहिणीला, मग तिच्या जावेला, मग त्यांच्या भजनातल्या... जाऊ दे. आता दर महिन्याला एकीच्या घरी जमतात, बाटली हलवायला मीच, लिंबं पिळायला मीच. आणि मी नुसता हात पुढे केला की बायको ग्लास बाजूला घेते, म्हणते, "अहो, तुम्ही नको. एवढ्या जणींना घरी कोण सोडणार?"