कढई द्यायच्या आदल्या दिवशी

कौमुदी : काही नाही येत. पाणी हुंगल्यासारखं वाटते.

नीलकंठ : अवं, नाक आत घाल ना. लाजतेस काहून? घरचाच गिलास आहे.

कौमुदी : घातलं. नाक ओलं झालं, एक कडू घोटही गेला, बस. तुम्ही सांगा, तुमाले काय येऊन राहिलं?

नीलकंठ : मले... जांभूळ. काळं, पिकलेलं. अन् मागून थोडी मिरी.

कौमुदी : बाटली इकडे द्या. चष्मा द्या. हे पाहा, इथं छापलं आहे. जांभूळ अन् मिरी. दोन वर्षांपासून असंच चालू आहे तुमचं.

नीलकंठ : काय चालू आहे?

कौमुदी : त्या तापात माझं नाक गेलं अन् तुमची जीभ गेली. वरण खाली लागलं, मस्त. चहातलं दूध नासलं, मस्त. क्षमा, तू सांग, बाप खोटं बोलतो का नाही तुझा?

क्षमा : मम्मी, मुझे बीच में मत लाओ. पापा, ये वाइन इतनी ठंडी क्यों है? फ्रिज में रखी थी?

नीलकंठ : हव. दह्याच्या बाजूले, सकाळपासून. नासली-बिसली तर?

क्षमा : रेड है पापा. हॉटेल में ऐसे सर्व करूँ तो मैनेजर मुझे नया रायपुर से पैदल घर भेजेगा. ठंडी में खुशबू बंद रहती है. घंटा-डेढ़ घंटा हवा लगने दो, तब खुलेगी.

नीलकंठ : साडेसहाशे देऊन वरून तिची वाटही पाहाची?

क्षमा : सबसे सस्ती वाली तो लाए हो.

कौमुदी : अन् आणली कशी? आख्ख्या बूढापारा मोहल्ल्याले दाखवत?

नीलकंठ : भाजीच्या थैलीत. वरून मेथी ठेवली.

कौमुदी : तरी म्हटलं, मेथी अशी चेंगरली काहून.

नीलकंठ : डॉक्टरनं काय सांगितलं होतं? नाकाले रोज नवा वास द्या. लवंग झाली, लिंबू झालं, निलगिरी झाली. आता घरात हुंगाचं काही उरलं नाही. क्षमा म्हणते, वाइनचा वास दर घडीले बदलते. म्हटलं, एका बाटलीत दहा वास, परवडते.

कौमुदी : कशाले पण? उद्या सकाळी शेजारची कमला येऊन राहिली. मसाल्याची कढई नेणार. गोल बाजारातल्या दुकानाची ऑर्डरही तिलेच दिली मी.

नीलकंठ : एक घाणा करपला म्हणून कढई देते काय कोणी?

कौमुदी : तीन घाणे. दुकानदारानं डबे परत पाठवले. धने भाजताना वास पलटते, तिथंच उतरवावं लागते. माझं नाक सांगे मले. आता डोळ्यानं पाहत बसते, अन् दिसते तेव्हा जळालेलं असते.

क्षमा : मम्मी, टाइमर लगा के देखो ना एक बार.

कौमुदी : धन्याले घड्याळ समजत नाही, पोट्टी.

नीलकंठ : तो गिलास दे. मांडणीवरचा दुसराही दे, स्टीलचा.

क्षमा : क्या कर रहे हो पापा?

नीलकंठ : हवाच लावाची आहे ना?

(नीलकंठरावांनी दोन्ही हात लांब केले. क्षमा लहान असताना तिचं कढत दूध जसं एका गिलासातून दुसऱ्यात ओतत, तशीच ती लाल धार वरून खाली आली आणि पुन्हा वर गेली. गोदामात उभा जन्म मापं घेण्यात गेलेला माणूस. ओट्यावर थेंब पडला नाही.)

क्षमा : हमारे यहाँ इसके लिए काँच का जार आता है.

नीलकंठ : तुझं दूध यातच थंड झालं. झालीस ना मोठी? घे कौमुदी. एक घोट.

कौमुदी : कडूच आहे. पण मघासारखी जिभेले धरत नाही.

नीलकंठ : अन् वास?

कौमुदी : नाही.

नीलकंठ : बरं. अजून ओततो.

कौमुदी : हात दुखतील तुमचे.

नीलकंठ : दुखू दे. तुझी कढई कमलाच्या हाती देण्यापेक्षा हे बरं. घे. आता?

कौमुदी : नाही.

नीलकंठ : आता?

कौमुदी : थांबा.

नीलकंठ : काय?

कौमुदी : बोलू नका जरा.

क्षमा : मम्मी?

कौमुदी : बारदाना.

नीलकंठ : काय म्हणते?

कौमुदी : ओला बारदाना. पोत्यांचा वास. तुम्ही पावसाळ्यात भनपुरीच्या गोदामातून यायचे ना, तो शर्ट. दाराबाहेरच काढाले लावायची मी तुमाले.

क्षमा : बोतल पे तो ऐसा कुछ नहीं लिखा.

कौमुदी : म्हणूनच तर सांगून राहिली.

नीलकंठ : तीस वर्षं बोलणी खाल्ली मी त्या शर्टापायी.

कौमुदी : खाल्ली. अजून एकदा ओता... गेला. नाही, आहे. बारीक आहे, मागं बसला आहे.

नीलकंठ : कौमुदी, खरं सांगू? मले जांभूळ नव्हतं आलं.

कौमुदी : माहीत आहे.

नीलकंठ : अन् मंगळवारचं वरण करपलं होतं.

कौमुदी : तेही माहीत आहे. वरणाचा करपलेला गंज मीच घासला. तुम्ही मस्त म्हणत म्हणत दोनदा वाढून घेतलं, तेव्हा मले जास्त वाईट वाटलं.

नीलकंठ : तुले वाईट वाटू नये म्हणूनच तर...

कौमुदी : एका बारदान्यानं मसाला होत नाही हो. उद्या पुन्हा काही नाही आलं तर?

नीलकंठ : तर बाटली अजून अर्धी आहे.

कौमुदी : घरात पावभर धने आहेत काय?

क्षमा : हैं. ऊपर वाले डिब्बे में.

कौमुदी : मग सकाळी मी भाजते. तुम्ही जवळ उभे राहा. करपले तर करपले म्हणाचं. मस्त म्हटलं तर चहा नाही.

नीलकंठ : अन् कमला आली म्हणजे काय सांगू तिले?

कौमुदी : कढई चुलीवर आहे म्हणा.