तीन बोटांचं माप

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष सरपंच दत्तराव, व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या दवाखान्याच्या सिस्टर कस्तुराबाई, आणि पिंगळीच्या बंधू-भगिनींनो,

मला, माणिकरावला, भाषणाची सवय नाही. हसा, भुजंगराव, हसा! पण आज बोलल्याशिवाय मी काही खाली बसत नाही.

माझा धाकटा भाऊ मुंजाजी तुम्हाला आठवत असेल. त्र्याहत्तर साली त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. मुंबईची औषधं घेऊन आला आणि त्या औषधांच्या उलट्यांनी पार गळून गेला. लागण होईल म्हणून गावानं आमचं अंगण सोडलं. आम्ही दोघे बिनलग्नाचे भाऊ, बोलणार कोणाशी? तेव्हा बाई आपणहून आल्या. मनगटावर दाब द्यायला त्या परभणीच्या शिबिरात शिकल्या होत्या. ‘यानं रोग जात न्हाई दादा, पन मळमळ कमी हुती,’ असं स्वच्छ सांगितलं त्यांनी.

आणि मी काय केलं? उंबऱ्याबाहेर उभं केलं! त्या बौद्ध, आम्ही पाटलाचं घराणं. ‘तिथूनच दाखवा,’ म्हणालो. त्यांनी स्वतःच्या हातावर दाखवलं, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर. माप रोग्याच्या बोटांचं घ्यायचं, हे त्या म्हणाल्याही असतील. मी ऐकलं कुठं? मला त्यांना घालवायची घाई. मी माझी ही जाडजूड बोटं मोजून आठ दिवस भलतीकडेच दाबत राहिलो. मुंजाजी ओकतच राहिला.

नवव्या दिवशी त्यानंच हाक मारली. ‘बाई, आत या. दादाचं काय ऐकायलाव तुमी?’

बाईंनी त्याचीच बोटं त्याच्या मनगटावर ठेवली, जागा धरली, दाबली. त्या संध्याकाळी वाटीभर कण्या त्याच्या पोटात टिकल्या. मला म्हणाला, ‘दादा, तुज्याबिगर गावात कुनी हात धरला न्हवता माझा. लय बरं वाटलं.’

दीड महिना बाई रोज आल्या. मग तो गेला. तेव्हापासून घरात मी एकटा. ‘दादा, जेवलाव का?’ असं रस्त्यात थांबून विचारणाऱ्या बाईच तेवढ्या. उद्या त्याही लेकीकडे देवगाव फाट्याला चालल्या. फार सुनं वाटतं हो.

अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. पण बाई, त्या आठ दिवसांचं कसं? माफी द्यायला मुंजाजी नाही. म्हणून तुमच्यापुढं हात जोडतो. उद्या एसटीत बसायच्या आधी मी तुमच्या घरी येतो. एक भाकरी जास्तीची टाका. नको म्हणालात, तर मुकाट्यानं परत जाईन.