डेन्टनच्या मापाची सीट

जानेवारीत मूर्सव्हिल या अमेरिकेतल्या रेसिंगवाल्या गावात औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते. माझ्यापुढे रेसिंग ड्रायव्हर डेन्टनची आई लोरीन; गाव तिला आदराने मिस लोरीन म्हणतं. तिच्यापुढे हॉयल, ड्रायव्हरच्या अंगाचं माप घेऊन गाडीत सीट बसवून देणारा म्हातारा.

"काय हो हॉयल, यंदा आमच्या पोराला मापाला बोलावलं नाहीत?"

"बोलावणारा मी कोण, मिस लोरीन? टीमवाले सांगतात, मी करतो."

"दरवर्षी नाताळ झाला की तुमचा फोन येतो. पुढच्या महिन्यात तर पहिली शर्यत."

"कसा आहे तो?"

"दोन महिने माझ्या पावासारख्या मऊ, गरम बिस्किटांना हात लावला नाही. त्यांवर ओतायला दुधाची ग्रेव्ही केली, तर नुसता वास घेऊन उठला. म्हणतो, मापात तसूभर फरक पडायला नको."

"तुमची ग्रेव्ही सोडली? वेडाच आहे!"

"जुनी सीट बैठकीत ठेवलीय. टीव्हीसुद्धा तिच्यातच बसून बघतो, पट्टे बांधून. दार वाजलं तर मीच उठायचं."

हॉयल हातातली औषधाची चिठ्ठी उलटसुलट करू लागला.

"इकडे बघा, हॉयल. त्याच्या गाडीसाठी दुसऱ्या कुणाचं माप घेतलंत?"

"मंगळवारी. कॅलिफोर्नियाचा आहे एक, एकोणीस वर्षांचा."

"बारीक आहे?"

"काडी आहे नुसती."

"म्हणजे डेन्टन त्या सीटमध्ये मावणार नाही."

"नाही मावणार. मी सांगू का त्याला?"

"नको, हॉयल. अजून तीन आठवडे आहेत. कुणाला ताप येतो, कुणाचा हात मोडतो, ऐन वेळी ड्रायव्हर लागतो. जुनी सीट आहे ना घरात. त्याला राहू दे त्याच मापात."