कुंदाने मागे घेतलेला शोधनिबंध

मंडळींनो, स्मृति नगरच्या या लहानशा हॉलमध्ये आज पायरीपर्यंत माणसं उभी आहेत. कुंदाने पाहिलं असतं तर ओशाळली असती. मी तिचा थोरला भाऊ. माझं आयुष्य पोलादाच्या प्लांटमध्ये, रोलिंग मिलच्या आवाजात गेलं. माइकसमोर उभं राहायची सवय नाही. त्यात बहिणीला "होती" म्हणायचं. नऊ दिवस झाले, जीभ वळत नाही. सांभाळून घ्या.

कुंदा काय काम करायची? मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. सकाळी कुम्हारीवरून जाणारी बस धरून रायपूरच्या प्रयोगशाळेत जायची, एवढंच. एकदा विचारलं, तर तिने काचेची नळी आणून दाखवली. आत दोन थर. मी म्हटलं, "तेल-पाणी हाय काय?"

"नाही ना दादा! दोन्ही पाणीच हाय. येगयेगळे पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचे पदार्थ, घोळले त्यात, म्हणून मिसळून नाही राहिले."

त्यातल्या खाली बसणाऱ्या पाण्याच्या थेंबात ती यकृताच्या पेशी घ्यायची आणि दुसऱ्या पाण्याने भरलेल्या बशीत तो थेंब तळाशी सोडायची. थेंब पसरत नाही. पेशी ठेवल्या जागीच चिकटतात. मग भोवती दुसऱ्या जातीच्या, आधार देणाऱ्या पेशी. यकृताच्या पेशी एकट्या ठेवल्या तर काही दिवसांत आपलं काम विसरतात, मंडळी. शेजार मिळाला की टिकतात. मग त्यांच्यावर औषधं तपासता येतात. महागडं यंत्र नाही. दोन द्रावणं आणि कुंदाचा हात.

या पद्धतीवरचा तिचा शोधनिबंध छापायला स्वीकारला गेला. घरी पेढे आले. आणि त्याच आठवड्यात तिच्या सहकारी बाईंच्या हातून थेंब टिकेना. सोडला की विरघळून जाई. कुंदाने स्वतः केलं, तरी तेच. वरिष्ठ म्हणाले, "छापून येऊ द्या, कोण तपासायला येतंय?" तिची बढती त्या निबंधावर होती. आणि सांगायला लाज वाटते, मीही म्हटलं, "राहू दे ना. आधी तं जमलं होतं तुले."

ती म्हणाली, "माह्या हातानं जमलं, दादा. आता मलेच जमून नाही राहिलं, तं त्याले खरं कसं म्हणू?"

तिने निबंध मागे घेतला. बढती दुसऱ्याला गेली. ती रोज बस धरत राहिली. आठ महिने. पाणी बदललं, बशा बदलल्या. शेवटी कारण सापडलं पेढ्यांच्या आठवड्यात उघडलेल्या नव्या बाटलीत. त्यातल्या पॉलिमरच्या साखळ्या आखूड होत्या. तसा पॉलिमर पाण्यात जास्त घालावा लागे, नाहीतर दोन्ही पाणी एक होऊन जात. निबंध पुन्हा गेला. त्यात आपलं फसणं तिने पहिल्या पानावर लिहिलं.

पुढे कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेतून एका अनोळखी बाईंचं पत्र आलं: तुम्ही लिहिलंत तसं केलं, पहिल्याच दिवशी थेंब टिकला. कुंदाने मला ते दोनदा वाचून दाखवलं. 

लोक मला धीर देतात. धीर आहे. आज मला छाती पुढे काढून एवढंच सांगायचं आहे, की मी तिला चुकीचा सल्ला दिला होता आणि तिने तो ऐकला नाही.

उठा मंडळी. माझ्या बहिणीसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू.