दगड झालेल्या नळ्या

सभेचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक शंकरराव, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, भट्टीवरचे माझे सोबती, आणि वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

बावीस वर्षं गोकुळ रोडच्या भट्टीवर काढून हा पुंडलिक फोरमन आज निवृत्त होतोय. मालक आत्ताच म्हणाले, ‘पुंडलिकांच्या नळ्या कधी फुटल्या नाहीत.’ मंडळी, ते ऐकून मला शिसारी आली. मालकांची नव्हे हो, माझी. बरं, थोडी मालकांचीही.

पाहुण्यांसाठी सांगतो. आम्ही खापराच्या नळ्या करतो. त्यांच्या अंगातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांतून एक वायू पार होतो, दुसरा मागे राहतो. पण भोकं ठेवली की नळी दाबाखाली तडकते, आणि फार भाजली की भोकंच बुजतात. यातून वाट कुणी काढली? कुणा इंजिनिअरनं? छे! माती-खोलीतल्या भागीरथीअक्कानं. आतून जाड, भरड मातीची नळी, वरून बारीक मातीचा पातळ हात. मग ओल्या गोणपाटाखाली चार दिवस सावलीत वाळवायची, सारखी फिरवत राहायची. तिच्या नळ्या टिकल्या.

चौऱ्याऐंशी साली तपासणीला साहेब यायचे होते. अक्काच्या नळ्या अजून वाळायच्या होत्या. मालकांना दम कुठला? म्हणाले, ‘साध्याच नळ्या घाल, फुटू नयेत म्हणून भट्टी जास्त चढव!’ अक्का मला म्हणाली, ‘अण्णा, एवढी आच दिलीस तर नळीचा श्वास कोंडेल.’ मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी चढवली. नळ्यांचा दगड झाला. दाबाला एकही फुटली नाही. टाळ्या काय, हार काय! वायू सोडून बघायचं मात्र एकालाही सुचलं नाही. गिऱ्हाइकाकडे गेल्यावर कळलं, त्यांतून काहीच पार होत नाही.

सगळा माल परत आला. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी! ‘माती-खोलीत मिश्रण चुकलं’ असा अहवाल झाला आणि अक्काला कामावरून काढलं. अहवालावर सही माझी. नोकरीच्या भीतीनं केली. थू असल्या जिण्यावर! तीन वर्षं झाली, ती दुर्गदबैलच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात ज्वारी निवडते, आणि तिच्या रीतीच्या नळ्या आम्ही आजही विकतो.

मालक, खुणावू नका. चहा निवतोय हे मलाही दिसतंय.

या सत्काराबद्दल सर्वांचे आभार. बोलताना माझा तोल गेला असेल, तर सभेनं पोटात घालावं. त्या सहीचं मात्र कुणी पोटात घालू नये. तिची माफी मी शेवटच्या रांगेत बसलेल्या भागीरथीअक्काकडे मागतो. मीच तिला बोलावलंय. अक्का, चुकलो.

काय म्हणतेस? जरा मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू दे.

‘साकु, पुरे झालं अण्णा, माफी पुरे. खरं काय झालं ते कागदावर लिहून दे. मला कामावर परत यायचंय.’

बरोबर आहे तुझं. अध्यक्षमहाराज, तुमचं पेन जरा इकडे द्या. आणि उठू नका, खाली तुमचीही सही लागेल.